एबीएसच्या दिव्यामागे : हैदराबादच्या नल्लकुंट्यातला एक दिवस

सकाळी पावणेसहा

शंकर मठाच्या बाजूने घंटा ऐकू येते त्या सुमाराला मी खाली पार्किंगमध्ये उतरतो. काल रात्री आलेली गाडी तिथे उभी आहे. २०१२ची हॅचबॅक, मालक आमच्याच वस्तीतले, नाल्याकडच्या गल्लीत राहणारे मराठी गृहस्थ. दिवाळीला संगारेड्डी-देगलूरमार्गे नांदेडला आईकडे जायचं आहे, आणि गेल्या दोन महिन्यांपासून डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा पेटून आहे. "गाडी थांबते की, काका," ते म्हणत होते. थांबते हे खरंच आहे. दिवा पेटला की चाकं जखडू न देणारं एबीएस स्वतःला बाजूला करतं आणि साधे ब्रेक चालू राहतात. पण ओल्या रस्त्यावर समोर म्हैस आली आणि पाय दाबला गेला, तर चाकं जखडतात, आणि जखडलेलं चाक स्टिअरिंग ऐकत नाही. गाडी थांबेलही, फक्त कुठे थांबेल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगतो ते बॅटरीसाठी. विसावलेल्या बॅटरीचा आकडा खरा असतो. आज तो १२.४ आहे, ठीक आहे. बॅटरी मरतुकडी असेल तर एबीएसचा कंट्रोलर नसते बिघाड नोंदवत बसतो आणि माणूस दिवसभर भुताच्या मागे धावतो. मग ब्रेक ऑइलची पातळी, पॅड, डिस्क. इंजिन चालू करून पेडल दाबून मिनिटभर धरलं. खाली बसलं नाही. साधा ब्रेक पक्का आहे हे पटल्याशिवाय मी इलेक्ट्रॉनिक्सला हात लावत नाही. या क्रमात बदल करायला मी कुणासाठीही तयार नसतो.

सव्वासात

भाचा चहा घेऊन आला. तो डिप्लोमाला आहे, सुट्टीच्या दिवशी माझ्या हाताखाली असतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. एबीएसने दोन कोड धरून ठेवले होते : सी ००४५ आणि सी ०११०. पहिला मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, दुसरा पंपाच्या मोटरीच्या सर्किटचा.

"मामा, म्हणजे सेन्सर आणि मोटर बदलायची?"

बहुतेक ठिकाणी हेच होतं. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सर मागवतात, पंपाचं नाव दिसलं की अख्खं युनिट. कोड खरं तर एवढंच सांगतो की या सर्किटमध्ये कंट्रोलरला अपेक्षित ते मिळालं नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची तार, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी रिंग, फ्यूज, अर्थिंग आणि कंट्रोलर स्वतः. यातलं काय गेलं ते शोधणं हेच आपलं काम. पार्ट बदलणं त्यानंतरचं, आणि कित्येकदा त्याची गरजच पडत नाही.

दोन्ही कोड वहीत लिहिले आणि मग पुसले. आधी लिहायचं, मग पुसायचं. सी ००४५ गल्लीत वीस पावलं गाडी ढकलताच परत आला. स्कॅनरवर तीन चाकांचा वेग दिसत होता, चौथ्याचा शून्यावरून हलत नव्हता. सी ०११० लगेच आला नाही. तो पंपाला हुकूम दिल्यावर येणार.

साडेआठ

गल्ली आता भरली. भाजीबाजाराकडे जाणाऱ्या पिशव्या, शाळेचे रिक्षे, फीव्हर हॉस्पिटलचा पत्ता विचारणारे बाहेरगावचे लोक. जुनी माणसं त्याला अजून कोरंटी दवाखानाच म्हणतात.

मागचा डावा कोपरा उचलून स्टँडवर घेतला. नुसत्या जॅकवर मी कुणाला काम करू देत नाही. चाक काढलं. सेन्सर अंगठ्याएवढा, चिखलाने माखलेला, पण फुटलेला नाही.

जुन्या गाड्यांत सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तार असायची. ओहममीटर लावला की एक-दोन किलोओहम दिसायचे, संपलं. या गाडीतला सेन्सर वेगळा आहे. त्याला कंट्रोलरकडून व्होल्टेज मिळतं आणि चाक फिरलं की तो त्याच दोन तारांतून ओढला जाणारा प्रवाह खालीवर करतो : सात मिलिअँपियर, चौदा मिलिअँपियर, पुन्हा सात. त्याला ओहममीटर लावून काही कळत नाही. म्हणून मी परतीच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घालतो आणि त्याच्या दोन टोकांना ऑसिलोस्कोप लावतो. सगळं ठीक असेल तर चाक हाताने फिरवताना पडद्यावर ०.७ आणि १.४ व्होल्टमधली चौकोनी लाट उमटते. हिशोब साधाच आहे, पण वर्गात घोकलेला ओहमचा नियम चाकाबरोबर हलताना बघितला की भाच्यासारख्या पोराच्या डोळ्यांत जे येतं त्यासाठी मी शिकवतो.

लाट उमटली. भाच्याने तार जरा वाकवली, लाट गेली. सोडली, आली.

सेन्सर सुटला. रिंगसुद्धा सुटली. इथली रिंग दात्यांची नाही, बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे भरलेले असतात. चुंबक दाखवणारी हिरवी फिल्म वर धरली तर पट्टे सलग दिसले, कुठे तुटक नाहीत. बेअरिंग बदलताना ते उलटं बसवलं गेलं की पट्ट्यांची बाजू सेन्सरपासून दूर जाते आणि लोक नवे सेन्सर आणत राहतात. इथे तसं नव्हतं. दोष तारेत होता.

सव्वादहा

कनेक्टर मागच्या चाकाच्या कमानीआड सापडला. उघडला तर आत हिरवी बुरशी धरावी तसं तांबं.

मालक काल सांगत होते की १३ ऑक्टोबर २०२०च्या रात्री त्यांच्या गल्लीत नाला शिरला तेव्हा गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. ती रात्र या भागातलं कुणी विसरलेलं नाही. हुसेनसागरचं जादा पाणी वाहून नेणारा नाला अशोकनगरकडून येऊन आमच्या खालच्या अंगाने मुसीला जातो, आणि तो तुंबला की सखल गल्ल्यांना जागा द्यावीच लागते. पाणी उतरल्यावर लोकांनी इंजिन ऑइल बदललं, सीट उन्हात वाळवल्या. कनेक्टर कुणी उघडले नाहीत. त्यात अडकलेलं घाण पाणी तारेच्या आवरणाखालून, तंतूतंतूंतून वर चढत राहतं. वर्ष-दोन वर्षं काहीच होत नाही. मग एक दिवस दिवा पेटतो आणि पुराशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

तार कापत गेलो. पहिल्या कापाला आतलं तांबं काळं, दुसऱ्याला तपकिरी. वीतभर मागे गेल्यावर लखलखीत, गुलाबी तांबं लागलं. तिथे थांबलो. नवा तुकडा जोडला तो चाकाबरोबर हलणाऱ्या भागात नाही, बॉडीच्या आतल्या कोरड्या जागी. पिळदार जोडीचा पीळ तसाच ठेवला, कारण शेजारच्या तारांचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणूनच तो दिलेला असतो. जोड क्रिंप केला आणि वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी बसवली. हलत्या तारेवर सोल्डर केलं की सोल्डर संपतं त्या रेषेवर तार कडक होते आणि तिथेच तुटते. हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतो.

चाक बसवलं, गाडी ढकलली, चारही आकडे सारखे. सी ००४५ गेला.

पावणेबारा

आता पंप. स्कॅनरवरून मोटरीला हुकूम दिला. आवाज नाही, आणि सी ०११० हजर.

चाळीस अँपियरचा फ्यूज शाबूत. त्या तारेवर मीटरने बारा व्होल्ट दाखवले. इथे फसायचं नसतं. शंभरातला एक तंतू शिल्लक असला तरी मीटर बाराच दाखवणार, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. म्हणून मी तिथे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावतो. बल्ब पूर्ण पेटला. भरल्या प्रवाहात अर्थिंगवरची घट शतांश व्होल्टांत होती, म्हणजे जाणारी तार आणि येणारी तार दोन्ही चांगल्या.

बॅटरीची ऋण तार सोडली आणि कंट्रोलर काढायला घेतला.

ही रचना मला मनापासून आवडते. खाली अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात ब्रेक ऑइलच्या वाटा आणि आठ व्हॉल्व्ह, प्रत्येक चाकाला दोन. एक दाब येऊ देणारा, एक सोडणारा. ठोकळ्याच्या एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला कंट्रोलरचा डबा. व्हॉल्व्हच्या दांड्या ठोकळ्यातून वर आलेल्या असतात आणि त्यांच्या कॉइल डब्यात असतात. स्क्रू काढून डबा सरळ वर ओढला की कॉइल दांड्यांवरून निघून येतात, ऑइलचा थेंब सांडत नाही, ब्रेकच्या नळीत हवा जात नाही. ब्रेकचा पाइप न उघडता मेंदू बाहेर येतो. घरच्या घरी हे काम करता येतं ते केवळ यामुळे. ठोकळ्याच्या आतलं काम असेल तर मी गाडी परत पाठवतो. ते स्वच्छ खोलीचं काम आहे, पार्किंगचं नव्हे.

मोटरीच्या दोन पिना आता उघड्या होत्या. फ्यूज घालून बॅटरी क्षणभर लावली. मोटर घरघरली. मोटर चांगली, तारा चांगल्या. उरला डबा.

दुपारी पाऊण

डबा घेऊन वर टेबलापाशी आलो. झाकण गोंदाने कायमचं बंद केलेलं असतं. पातळ पातं शिवणीत घालून, आतल्या बोर्डाला धक्का न लावता, कडेकडेने फिरवायचं. घाई केली की पातं एखाद्या केसाएवढ्या तारेवर जातं आणि सगळं संपतं. काही कंट्रोलरमध्ये चिपपासून पायापर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या तशा बारीक तारा जोडलेल्या असतात. त्यातली तुटली असेल तर साधं सोल्डरिंग चालत नाही, आणि मी मालकाला स्पष्ट सांगतो की हे माझ्याच्याने होणार नाही.

या डब्यात मोटरीच्या पिना बोर्डाला सोल्डरने जोडलेल्या निघाल्या. वरचा पारदर्शक जेल काढला, स्पिरिटने पुसलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. दुसऱ्या पिनेभोवती सोल्डरच्या टेकडीवर एक बारीक काळं वर्तुळ होतं. उजेड एका बाजूने पडला की दिसायचं, सरळ पडला की नाहीसं व्हायचं. भाच्याला लाकडी काडीने पिन अलगद रेटायला सांगितली. वर्तुळाच्या आतला भाग हलला, बाहेरचा जागच्या जागी राहिला.

"मामा, एवढीशी भेग?"

एवढीशीच. डबा इंजिनशेजारी असतो. उन्हाळ्यात तापतो, रात्री निवतो. पिन, बोर्ड आणि सोल्डर वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात, त्यात शेजारच्या मोटरीचा हादरा. बारा-चौदा वर्षांत सोल्डर थकतं. पंपाला एका क्षणात मोठा प्रवाह लागतो आणि तो या भेगेवरून उडी मारू शकत नाही.

जुनं सोल्डर पूर्ण उतरवलं. त्यावरच नवं थापणं म्हणजे भेग झाकणं. पिन घासून चमकवली, फ्लक्स लावला आणि १८३ अंशांना वितळणारं कथील-शिशाचं सोल्डर दिलं. शेजारच्या सगळ्या जाड पिनांना तेच केलं, कारण त्यांनीही तेवढेच उन्हाळे काढलेत.

हे डोळे मला ईसीआयएलने दिले. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने १९६७ साली हैदराबादेत उभ्या राहिलेल्या त्या सरकारी कंपनीत मी नोकरीची वर्षं काढली. तिथे सोल्डरचा जोड नजरेने तपासल्याशिवाय बोर्ड पुढच्या टेबलावर जात नसे. अणुभट्टीच्या कंट्रोल पॅनेलला जो नियम, तोच चौदा वर्षांच्या हॅचबॅकला. दोन्हीकडे माणसंच असतात.

अडीच

जेवण. अंबाडीची भाजी आणि भाकरी. हिने दोनदा हाक मारल्यावर.

तीन

खाली एक टॅक्सीवाले उभे होते, रामनगरकडचे. पिवळा दिवा त्यांच्याही गाडीत. फिटनेस सर्टिफिकेटची तारीख जवळ आलेली.

"भाई, खाली बत्ती बंद कर देव. ब्रेक तो मस्त लगरे."

"बत्ती मैं नै बुझाता. खराबी निकालके देता."

"टाइम नै है ना भाई…"

दिवा विझवून देणारे या शहरात कमी नाहीत. कुणी बल्ब काढतो, कुणी चिकटपट्टी लावतो. हुशार असेल तो एबीएसच्या दिव्याची तार इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडतो, म्हणजे चावी फिरवल्यावर दिवा पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, तपासणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. या प्रकाराची मला चीड येते. १९७८ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ते प्रत्येक नव्या मोटारगाडीत सक्तीचं झालं. चाळीस वर्षांनी जी गोष्ट टॅक्सीत बसणाऱ्या साध्या माणसापर्यंत पोहोचली, ती अशी चिकटपट्टीखाली झाकायची? त्या टॅक्सीत मागच्या सीटवर बसणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

त्यांना गाडीपाशी नेऊन समजावलं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक आहे. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते. मग जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जखडतात आणि गाडी गिरकी घेते. लाल पेटला तर ऑइल बघायचं आणि गाडी चालवायचीच नाही. ते गप्प झाले. कोड वाचून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. मागचं उजवं चाक. बहुधा तारच असेल, पण मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही.

चार

झाकण बसवायच्या आधी डबा उघडाच गाडीत लावून पाहिला. पंपाला हुकूम दिला तर बॉनेटखालून जो घरघराट आला तो ऐकून भाच्याने टाळीच वाजवली.

मग शिवणीला सिलिकॉन. इथे नीट लक्ष द्यायला हवं : लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन इलेक्ट्रॉनिक्सला कधी वापरू नये. वाळताना ते अ‍ॅसिड सोडतं आणि बंद डब्यात तांबं खात बसतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब घ्यायची. कोठीला गुजराती गल्लीत मिळते, जरा महाग पडते. वरचा थर तासाभरात धरतो, पूर्ण मुरायला चोवीस तास. तोवर पाऊस आणि गाडी धुणं बंद.

सव्वापाच

रस्ता कोरडा होता म्हणून चाचणी आजच घेतली. आधी गल्लीतून हळू. निघाल्यावर थोडा वेग आला की एबीएस स्वतःची तपासणी करतं, क्षणभर 'घर्र' असा आवाज येतो. आला. मोठ्या रस्त्यावर भाचा शेजारी बसून चार चाकांचे आकडे वाचत होता. वळणावर बाहेरची चाकं जरा पुढे, सरळ रस्त्यावर चारही जोडीला जोड.

खरी चाचणी अंबरपेटच्या बाजूला, ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर. चहूबाजूंना कंपाउंड, आत कुणी नाही, खाली सुटी खडी. ताशी तीसला पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग डावीकडे घेतलं. तळपायाखाली पेडल थरथरलं. दाब सुटतो आणि भरतो तो हा खेळ, सेकंदात कितीतरी वेळा. पाय काढायचा नाही. अनेक जण या थरथरीला घाबरून पाय काढतात, म्हणून मालकांना ती मी मुद्दाम अनुभवायला लावतो. गाडी डावीकडे वळत वळत थांबली. सुट्या खडीवर एबीएसने थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं, कारण जखडलेलं चाक खडीत रुतून अडतं. पण वळणं शिल्लक राहतं, आणि म्हशीला चुकवायला तेच लागतं.

उतरून मागे पाहिलं. चाकांच्या खुणा तुटक होत्या, सलग ओरखडा कुठेच नाही. स्कॅनरवर एकही कोड नाही.

रात्री आठ

मालक कामावरून परस्पर आले. "काका, दिवा गेला?"

गेला, पण आधी हे बघा म्हणून त्यांच्या हातावर हिरव्या-काळ्या तारेचा तुकडा ठेवला आणि मायक्रोस्कोपमधून मोबाइलवर घेतलेला भेगेचा फोटो दाखवला. नव्या युनिटचा भाव त्यांनी आधी विचारून ठेवला होता. त्या भावात आणि माझ्या बिलात फार अंतर होतं, पण मला जास्त बरं वाटलं ते त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा : "मग पुढच्या उजव्या कनेक्टरमध्येही पाणी शिरलं असेल का?"

असेलच. चारही उघडून, साफ करून, ग्रीस भरून देतो म्हटलं. सिलिकॉन मुरेपर्यंत गाडी इथेच आहे, तेवढ्यात होईल. नांदेडला निघण्याआधी रविवारी त्यांना त्याच प्लॉटवर घेऊन जायचं ठरलं. त्यांची बायकोही गाडी चालवते, तिलाही आणा म्हटलं.

वहीत आजचे आकडे लिहिले : बॅटरी, अर्थिंगवरची घट, लाटेची उंची, बदललेली तार, सोल्डर केलेल्या पिना. पुढच्या वेळी हीच गाडी आली तर यावरून सुरुवात करता येईल. टॅक्सीवाल्यांना उद्या सकाळी आठची वेळ दिली आहे. भाच्याला कॉलेज असल्यामुळे चाक मलाच काढावं लागेल.